समुद्रापलीकडचें स्थळ

स्थळ पाहणें हें काम आपल्याकडे एकट्या माणसाचें कधींच नव्हतें. वडील पत्रिका मागवीत, काका मुलाच्या कचेरीवरून सहज म्हणून चक्कर मारून येत, आणि एखादी लांबची मावशी त्याच्या आळींत हळदीकुंकवाच्या निमित्तानें जाऊन दोन तासांत जी माहिती गोळा करी, ती पोलीस खात्यालाहि दोन महिन्यांत मिळाली नसती. या रीतींत दोष होते. जिचें लग्न तिलाच कोणी विचारीत नसे, हा त्यांतला सर्वांत मोठा. पण सांगून आलेला मुलगा निदान अस्तित्वांत तरी असे. आतां स्थळें मोबाईलच्या पडद्यावर येतात. मध्यस्थ नाहीं, आळी नाहीं, मावशी नाहीं. आणि जें माणूस रात्रीं अकरा वाजतां आपल्याशीं गोड बोलत असतें तें मुळांत आहे कीं नाहीं, येथून चौकशीला आरंभ करावा लागतो.

अशा फसवणुकीच्या गोष्टी निघाल्या कीं वडील मंडळी घरांतल्या तरुण मुलींकडे पाहूं लागतात. आमच्या घरीं गेल्या वर्षीं जें घडलें तें माझ्या धाकट्या दिरांच्या बाबतींत घडलें. वय ६१, बँकेंत ३६ वर्षें नोकरी करून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन सहा वर्षें झालेलीं. अकरा माणसांच्या घरांत एकटेपण कसलें, असें पाहुण्यांना वाटतें. पण तेथेंहि रात्रीं खोलीचें दार लोटलें कीं माणूस एकटेंच असतें. या वयांत लग्नाची गोष्ट काढली तर कोणी हंसेल, या संकोचानें भाऊजींनीं कोणालाहि न सांगतां विवाह जुळविणाऱ्या एका ॲपवर आपलें नांव घातलें होतें.

चार दिवसांत स्थळ आलें. इंग्लंडांत लीड्स येथें भूल देणाऱ्या डॉक्टर, वय ४८, विधवा, माहेर साताऱ्याचें, गोत्र वासिष्ठ. छायाचित्र कोणत्याहि घरांत पसंत पडावें असें. नांवापुढें 'पडताळणी झाली' अशी हिरवी खूण होती, आणि भाऊजींचा अर्धा विश्वास त्या खुणेनेंच बसला. वास्तविक अशा खुणेचा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो कीं, दिलेला फोननंबर चालू आहे. विवाहविषयक संकेतस्थळांनीं सभासदांची ओळख पडताळून घ्यावी, अशा सूचना केंद्र सरकारनें २०१६ च्या जून महिन्यांत दिल्या आहेत. परंतु फोनवर आलेले चार आंकडे भरून दाखविणें म्हणजे माणसाची ओळख नव्हे.

तिसऱ्याच दिवशीं बाईंनीं बोलणें ॲपवरून व्हॉट्सॲपवर नेलें. हें केवळ सोयीसाठीं नसतें. ॲपवर तक्रार झाली तर खातें बंद होऊं शकतें; खाजगी फोनवर तो धाक राहत नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत ऋणानुबंध जन्मांतरींचे ठरले. आवाज चार वेळां ऐकूं आला, चेहरा एकदांहि दिसला नाहीं: रुग्णालयांत कॅमेऱ्याला बंदी, घरीं इंटरनेट मंद. सहाव्या आठवड्यांत वाढदिवसाची भेट म्हणून पार्सल निघालें. त्यांत एक घड्याळ, थोडे दागिने आणि लग्नाच्या खर्चासाठीं पौंडाच्या नोटा. पार्सल दिल्लीस 'अडकलें', आणि कस्टम्सच्या कोणा अधिकारीबाईंचा फोन आला कीं, ४८,५०० रुपये भरा.

ते भाऊजींनीं भरले. मग परकीय चलनाच्या दाखल्यासाठीं २,७५,००० ची मागणी आली. तेव्हां एका दुपारीं ते स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन मला म्हणाले, "वहिनी, परदेशांतून आलेल्या वस्तूवर जकात किती पडते, तुम्हांला कांहीं कल्पना?" ज्या गृहस्थांनीं जन्मभर आम्हां सर्वांचे कराचे हिशेब करून दिले त्यांनीं मला जकात विचारावी! गॅस बंद करून मी समोर बसलें. तासाभरानें सर्व बाहेर आलें.

निरोप मीं वाचले. भाषा शुद्ध होती, माझ्या मुलांच्या मराठीपेक्षां शुद्ध. पण एके ठिकाणीं बाईंनीं लिहिलें होतें कीं, मार्गशीर्षांतल्या मंगळागौरीला आईची फार आठवण येते. मंगळागौर श्रावणांत असते हें साताऱ्याच्या माहेरवाशिणीला ठाऊक नसावें, हें मला पटेना. (हा दाखला पुढच्या वेळीं कोणाच्या उपयोगीं पडेलच असें नाहीं. आतां यंत्रें मराठी बिनचूक लिहितात आणि विचारलें तर व्रतांचे महिनेहि सांगतात.) संध्याकाळीं पुतणी कामावरून आली. तिनें त्या छायाचित्रावरून इंटरनेटवर शोध घेतला, तों तोच चेहरा दुसऱ्याच नांवानें, दुसऱ्याच देशांत, नवऱ्यामुलांसह हंसत असलेला सांपडला. आपली सोयरीक कोठकोठें जुळते आहे याची त्या बिचारीला काय कल्पना!

भाऊजी बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "ते पैसे एका माणसाच्या बचतखात्यांत मागितले होते, वहिनी. सरकारी कर बचतखात्यांत जात नाहीं. मला तें दिसलें होतें."

शाखेंत दुसऱ्या कोणीं तो निरोप दाखविला असता तर त्यांनीं क्षणांत ओळखलें असतें. कस्टम्स खातें फोन करून कोणाच्या खाजगी खात्यांत कर मागत नाहीं. खात्याच्या पत्रावर एक क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर पडताळून पाहतां येतो, हें ते इतरांना सांगत आलेले. अक्कल कमी पडते म्हणून माणसें फसतात असें जें सर्रास म्हणतात तें मला खरें वाटत नाहीं. सहा आठवडे रोज दुपारीं एक वाजतां "जेवलांत का?" असें कोणी विचारीत होतें. त्या प्रश्नाशीं वाद घालायला हिशेबी बुद्धि पुढें येत नाहीं.

त्या निरोपांत एक विनंति पुनःपुन्हां येई: नक्की होईपर्यंत घरांत बोलूं नका, लोकांची दृष्ट लागते. मला विचाराल तर सर्व खुणांत हीच पक्की. खरें वाटेल असें छायाचित्र यंत्र तयार करून देतें. व्हिडिओच्या बोलण्यांतहि दुसऱ्याचा चेहरा चढवितां येतो. पण ठकाला घरांतलें तिसरें माणूस परवडत नाहीं. त्याचा सारा धंदा लोटलेल्या दाराआड चालतो. खरें स्थळ चार माणसांना भेटायला एकदां कां-कूं करील. महिनोन्महिने टाळणार नाहीं, आणि भेटीआधीं पैसे तर मागणारच नाहीं. आणि संकोचानें घरांत गप्प बसलेलें माणूस, मग तें वीस वर्षांचें असो वा साठ, त्याला आयतेंच मिळतें.

पार्सलाची युक्ति आतां जुनी झाली. नव्या प्रकारांत भेट येत नाहीं, सल्ला येतो. अमुक ठिकाणीं मी पैसे गुंतवितें, तुम्हीहि थोडे घाला. पडद्यावर नफा वाढतांना दिसतो, आरंभीं दोन-पांच हजार काढूंहि देतात. मोठी रक्कम गेली कीं ती सोडविण्यासाठीं पुन्हां 'कर'. डुक्कर पोसून कापणें, अशा अर्थाचें नांव चिनी भाषेंत या प्रकाराला पडलें आहे. हे निरोप लिहिणारेहि पुष्कळदां स्वतः कैदी असतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानें २०२३ च्या ऑगस्टमध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत म्यानमारमध्यें निदान १,२०,००० आणि कंबोडियांत सुमारें १,००,००० माणसें अशा कामाला जबरीनें जुंपलेलीं असावींत असा अंदाज दिला होता. नोकरीच्या खोट्या आमिषानें नेलेलीं आपल्याकडचीं मुलेंहि त्यांत होतीं. २०२५ च्या मार्चमध्यें अशा पांचशेंहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गें हवाई दलाच्या विमानांनीं परत आणलें. पुतणीनें हें वाचून दाखविलें तेव्हां भाऊजी म्हणाले, "म्हणजे मला 'जेवलांत का' विचारणारें पोर स्वतः जेवलें होतें कीं नाहीं, कोण जाणे."

तक्रार त्याच रात्रीं केली. १९३० हा सरकारी क्रमांक आर्थिक फसवणुकीसाठींच आहे. तेथें माहिती दिली कीं ती बँकांकडे जाते आणि पैसा पुढच्या खात्यांत पळण्यापूर्वीं अडविण्याचा प्रयत्न होतो. म्हणून पहिले कांहीं तास मोलाचे. आमच्या हातून दोन दिवस निघून गेले होते, तरी ४८,५०० पैकीं २१,००० अडकवून ठेवले गेले. ते मिळण्याची कायदेशीर वाट अजून चालली आहे. दुसऱ्या दिवशीं भाऊजी आणि मी पोलीस ठाण्यावर गेलों. संगणकाच्या साह्यानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविणें याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तें सांगणारा फौजदार भाऊजींच्या मुलाच्या वयाचा होता. त्यानें ओळख कशी झाली हें विचारलें, आणि भाऊजींनीं मान वर करून, "लग्न करावयाचें होतें," एवढें सांगितलें. तो हंसला नाहीं.

ॲपवरचें नांव भाऊजींनीं काढलें नाहीं. या दिवाळीनंतर सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचें स्थळ आलें आहे. पुतणी आणि मी तिकडे जाण्याच्या तयारींत होतों. तों बाईंचे बंधु भाऊजींच्या जुन्या शाखेंत आधींच येऊन गेल्याचें तेथल्या शिपायानें कळविलें. त्यांनीं विचारलेल्या प्रश्नांत निवृत्तिवेतन किती हा दुसरा होता. पहिला, माणूस रागीट आहे का. भाऊजींनीं हें दोनदां ऐकून घेतलें. "चौकशी नीट करतात," असें म्हणून त्यांनीं चहा मागितला.