मोनोंगहेलाकाठून न्यू ऑर्लिन्सला

प्रिय चिनू,

परवा फोनवर तू सांगितलंस की मित्रांसाठी केलेलं पहिलंच मॅनहॅटन कॉकटेल बेसिनमध्ये ओतावं लागलं. आंबूस वास, वर फेस आणि चव पाणचट. मग तू विचारलंस, "मावशी, राय व्हिस्की मुळातच अशी तिखट असते का? त्यापेक्षा बर्बन आणू का?" तेवढ्यात माझ्या दाराची बेल वाजली आणि उत्तर अर्धवट राहिलं. आज सविस्तर लिहिते, आणि सगळ्यांसमोर लिहिते. आपल्या घरांतून इथे अमेरिकेत आलेल्या तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांना हे विचारायला कुणी नसतं. मोठी माणसं या विषयावर बोलत नाहीत आणि मुलं अंदाजाने शिकत राहतात.

राय सोडू नकोस. तुझं मॅनहॅटन तिच्यामुळे बिघडलं नाही. तू पाठवलेल्या फोटोत व्हर्मूथची बाटली गॅसशेजारच्या फळीवर होती, अर्धी रिकामी. व्हर्मूथ ही वाईन आहे, वनस्पतींचा अर्क आणि थोडा मद्यार्क घातलेली. उघडली की फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. तुझी दिवाळीपासून उघडी होती. आणि फेस आला तो तू पेय शेकरमध्ये घुसळलंस म्हणून. ताक घुसळताना काय होतं ते आठव, हवा आत शिरते आणि फेस धरतो. लिंबाचा रस किंवा अंड्याचा पांढरा भाग असेल तेव्हा तो फेस हवाच असतो, तिथे जोरात घुसळ. पण ज्यात नुसती व्हिस्की, व्हर्मूथ आणि बिटर्स, म्हणजे थेंबांनी घालायचे कडू अर्क, आहेत ते ढवळायचं. भरपूर बर्फावर, लांब दांड्याच्या चमच्याने, ग्लासच्या कडेकडेने, अर्धं मिनिट. पेय नितळ आणि रेशमी राहिलं पाहिजे.

आता रायबद्दल. तुझ्या आईने मला एकदा विचारलं होतं, राईची दारू म्हणजे मोहरीची का? नाही. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य. थंडीला आणि हलक्या जमिनीला न घाबरणारं. पेनसिल्व्हेनियात शरदात पेरलं की हिवाळाभर बर्फाखाली तग धरतं आणि वसंतात उभं राहतं. अमेरिकन कायद्याप्रमाणे राय व्हिस्कीच्या धान्यात निदान ५१ टक्के राय हवी आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरायला हवी. बर्बनमध्ये तेवढाच मका असावा लागतो, म्हणून ती जिभेवर गोड आणि गुबगुबीत लागते. रायला काळ्या मिरीचा झणका असतो, शहाजिऱ्याच्या जवळ जाणारा वास असतो आणि घोट उतरल्यावर तोंड कोरडं, स्वच्छ होतं. मॅनहॅटनमध्ये गोड व्हर्मूथ आधीच आहे. त्यात बर्बन घातलीस तर वाईट होणार नाही, पण सगळं एकाच बाजूला झुकेल. तू ज्याला तिखटपणा म्हणतोस त्याच्याच आधाराने बाकीची चव उभी असते.

माझ्या खिडकीतून मोनोंगहेला नदी दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस या खोऱ्यातले शेतकरी राय गाळत, कारण धान्याची पोती ॲलेगेनीचे डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात नेणं परवडत नसे. तेच धान्य व्हिस्की होऊन लहान पिंपात मावलं की घोड्याच्या पाठीवरून जाई. १७९१ साली सरकारने व्हिस्कीवर कर बसवला तेव्हा हे लोक चिडून उठले. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना सुमारे १३ हजारांची फौज इकडे आणावी लागली. त्याच वॉशिंग्टननी १७९७ साली माउंट व्हर्ननला स्वतःची भट्टी सुरू केली, आणि त्यांच्या धान्यात ६० टक्के राय होती.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती नदीची वाट. मोनोंगहेला आमच्या पिट्सबर्गला ॲलेगेनीला भेटते, दोघी मिळून ओहायो होते, ओहायो मिसिसिपीत जाते आणि मिसिसिपी तुझ्या घरावरून समुद्राला मिळते. इथली राय सपाट तळाच्या होड्यांतून त्याच पाण्याने न्यू ऑर्लिन्सला उतरत असे. तुला तिथे नोकरी लागली तेव्हा ताई म्हणाली, किती लांब गेला. मी मनात नदी मोजत होते.

१९२० ते १९३३ च्या दारूबंदीने इथल्या भट्ट्यांचं कंबरडं मोडलं. ओव्हरहोल्ट हे याच भागातलं जुनं नाव, तेसुद्धा पुढे केंटकीत गेलं. राय जवळजवळ विस्मरणात गेली होती. तू आज दुकानात उभा राहून सहा-सात बाटल्यांतून निवडतोस ही अलीकडच्या वीसेक वर्षांची कमाई आहे. त्यातली 'बॉटल्ड इन बॉन्ड' लिहिलेली घे. १८९७ च्या कायद्याने त्या शब्दांना अर्थ दिला आहे: एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्के मद्यार्काची. बर्फ वितळून पाणी मिसळल्यावरही ती दबत नाही. मी रिटनहाउस वापरते.

आता माप. मी ३१ वर्षं औषधं मोजली, त्यामुळे हे माझ्या हाडात आहे. आपल्या स्वयंपाकघरात अंदाज चालतो कारण हाताला चाळीस वर्षांची सवय असते आणि आमटी उकळताना चाखून सुधारता येते. इथे पाच मिलिलिटर इकडचे तिकडे झाले तर पेय वेगळंच होतं. म्हणून जिगर, म्हणजे मापाचा छोटा पेला आण, १५, ३० आणि ६० मिलीच्या खुणांचा. मॅनहॅटन: ६० मिली राय, ३० मिली गोड व्हर्मूथ, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन झटके. ग्लासात ९० मिली घातलंस, पण ढवळून गाळल्यावर मोजून बघ, सुमारे ११५ भरेल. वाढलं ते बर्फाचं पाणी. हे पाणी पेयाचा तेवढाच महत्त्वाचा घटक आहे. कमी पडलं तर घसा जळतो, जास्त झालं तर तुझ्या मित्रांसारखी तोंडं होतात. बर्फ मोठ्या खड्यांचा आणि फ्रीजरमधून तेव्हाच काढलेला हवा, चुरा नको.

मॅनहॅटनची एक गोष्ट तुला कुणीतरी सांगेल, की चर्चिलच्या आईने १८७४ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबातल्या मेजवानीसाठी ते बनवून घेतलं. पण तेव्हा त्या बाई इंग्लंडमध्ये होत्या आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला विन्स्टनचा जन्म झाला. खरी नोंद सापडते ती १८८० च्या दशकातल्या छापील पुस्तकांत.

एकदा हे सहज जमू लागलं की मग बदल कर, पण एका वेळी एकच. निम्मी व्हर्मूथ गोड आणि निम्मी कोरडी घेतलीस की झालं परफेक्ट मॅनहॅटन. व्हर्मूथच्या जागी सिसिलीची कडू-गोड आव्हेर्ना घातलीस की ब्लॅक मॅनहॅटन, २००५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत टॉड स्मिथने केलेलं. न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी बारमध्ये एन्झो एरिकोने ६० मिली रायला १५ मिली कडसर पुंट ए मेस व्हर्मूथ आणि १५ मिली चेरीची माराश्किनो दिली आणि ब्रुकलिनच्या एका वस्तीवरून त्याला रेड हुक नाव पडलं. हे माझं सगळ्यात आवडतं. चेरीच्या बियांचा तो कडवट सुगंध रायच्या मिरीवर इतका शोभून दिसतो की पहिल्या घोटाला मी खुर्चीत सरळ बसले होते. ओल्ड पाल मला तितकं रुचत नाही. राय, कोरडी व्हर्मूथ आणि कांपारी, तिन्ही कडक, मध्ये कुणी समजूत घालणारं नाही. तू करून बघ, तुझी जीभ वेगळी असेल. ओल्ड फॅशन्डबद्दल जास्त लिहीत नाही. राय, साखर, बिटर्स, संत्र्याची साल, आणि त्यात फळांची कोशिंबीर करू नये.

व्हिस्की सावर करशील तेव्हा एक लक्षात ठेव. आपण दोन्हीला लिंबूच म्हणतो, पण इथे पिवळं मोठं लिंबू हवं, आपलं हिरवं पातळ सालीचं नव्हे. ६० मिली राय, २२ मिली रस, तेवढाच साखरेचा पाक. पाक म्हणजे गुलाबजामांचा तारेचा नव्हे, एक वाटी साखर एक वाटी गरम पाण्यात विरघळवायची आणि थंड करायची, बस. वर लाल वाईन चमच्याच्या पाठीवरून हळू सोडलीस तर ती तरंगते, त्याला न्यूयॉर्क सावर म्हणतात.

पण तू ज्या गावात आहेस तिथलं सोडून मी इतका वेळ न्यूयॉर्कबद्दल बोलले. साझेरॅक हे तिथलं कॉकटेल शीक, चिनू. त्यातले बिटर्स माझ्या व्यवसायातल्या माणसाचे आहेत. आंत्वान पेशो हा औषधविक्रेता, त्याचं कुटुंब आजच्या हैतीतून परागंदा होऊन आलेलं. त्याने न्यू ऑर्लिन्सच्या दुकानात लाल रंगाचे, बडीशेपेच्या अंगाचे बिटर्स तयार केले. अँगोस्टुराही १८२४ साली व्हेनेझुएलात योहान सीगर्ट या डॉक्टरने पोटाचं औषध म्हणूनच काढलं. आजही त्या बाटल्या उचलताना मला दुकानाच्या काउंटरमागे उभं असल्यासारखं वाटतं. कॉकटेल हा शब्दच पेशोपासून आला असं तुझ्या गावचे लोक प्रेमाने सांगतात, पण १८०६ सालीच न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वृत्तपत्रात त्याचा अर्थ छापून आला होता: मद्य, साखर, पाणी, बिटर्स. पेशो तेव्हा लहान मूल होता.

साझेरॅक आधी फ्रेंच कोन्याकचं होत असे, नाव साझेरॅक नावाच्या कोन्याकच्या ब्रँडवरून. फ्रान्सच्या द्राक्षबागा किडीने गेल्या आणि तिथे राय आली. एक ग्लास बर्फ घालून गार करत ठेव. दुसऱ्यात साखरेचा खडा, पेशोचे चार झटके आणि थेंबभर पाणी घालून चूर. ६० मिली राय, बर्फ, ढवळ. आता पहिल्या ग्लासातला बर्फ टाकून दे, चमचाभर ॲबसिंथ आतून सगळीकडे फिरव आणि ओतून टाक. ओतताना जीव हळहळेल, तरी ओत, वासच पुरतो. ॲबसिंथवर अमेरिकेत १९१२ पासून २००७ पर्यंत बंदी होती, त्या काळात तुझ्या गावच्या लोकांनी १९३४ साली निघालेल्या स्थानिक हर्बसेंटवर काम भागवलं. तीही चालेल. मग गाळून ओत, बर्फाशिवाय. वरून लिंबाची साल पीळ, तिचं तेल पृष्ठभागावर उडालं पाहिजे. २००८ साली लुइझियानाच्या विधिमंडळाने हे न्यू ऑर्लिन्सचं अधिकृत कॉकटेल ठरवलं.

आणि व्ह्यू कारे. ते तुझ्या ऑफिसजवळच्या माँटेलिओन हॉटेलात १९३० च्या दशकात वॉल्टर बर्जेरॉनने केलं. राय, कोन्याक आणि गोड व्हर्मूथ समसमान, चमचाभर बेनेडिक्टिन लिक्युअर, दोन्ही बिटर्स. पेनसिल्व्हेनियाची आठवण, फ्रान्स, इटली आणि पेशोचं दुकान एका ग्लासात.

एक औषधविक्रेती म्हणून सांगते, ५० टक्क्यांच्या रायचं एक मॅनहॅटन म्हणजे इथल्या हिशेबाने जवळजवळ दोन प्रमाणित पेयं होतात. मी शनिवारी एकच करते, नीट करते, आणि तासभर पुरवते. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील त्या दिवशी अजिबात नको. मित्रांना गाडी चालवत पाठवू नकोस.

फेब्रुवारीत मी येते. पेशोची बाटली आणून ठेव, राय मी इथून आणेन. आमच्याकडे आता पुन्हा गाळायला लागलेत, एक बाटली तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. विमानाने येतेय, नदीने नाही. तू फक्त आदल्या रात्री बर्फ लावून ठेव, मोठ्या खड्यांचा.

तुझी,
मावशी
पिट्सबर्ग