वडापची पावती

परवाचा अख्खा शनिवार मी पावत्या चिकटवण्यात घालवला. आठवडाभर कोड बडवून झाल्यावर वीकांताला हे काम कोण करेल? पण आजऱ्याला गेलो की माझी मावसबहीण "तुला एक्सेल येतं ना, मग बस इथं" म्हणते आणि विषय संपतो.

ही ताई वनस्पतिशास्त्र शिकवते, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. (कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिला तिथे अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे.) दोन वर्षांपूर्वी तिच्या विद्यापीठाने स्वतःच्या फंडातून कॉलेजच्या प्राध्यापकांना छोटी संशोधन अनुदानं दिली. ताईला पंचाहत्तर हजार मंजूर झाले. विषय आजऱ्याचा घनसाळ: घरचं बियाणं अजून कोण राखतं, आणि का. सोबत बीएस्सीची तीन मुलं.

घनसाळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. आमच्याकडचा वासाचा तांदूळ. एका घरात शिजला की गल्लीला कळतं. २०१६ साली त्याला जीआय मानांकन मिळालं. पण उतारा कमी, म्हणून संकरित भाताचं बियाणं दारात आलं की शेतकऱ्याचा हात तिकडे जातो. त्याला नावं ठेवायचा हक्क निदान पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या मला तरी नाही.

आता पंचाहत्तर हजार म्हणजे किती? आमच्या टीममध्ये नवीन पोरगा जॉइन झाला की एवढ्याचा लॅपटॉप पहिल्या दिवशी टेबलावर येतो. पण तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्याला पैसे मिळायची दारं मोजकीच. पूर्वी यूजीसीचे मायनर रिसर्च प्रोजेक्ट असायचे. २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपली, त्यानंतर पंचवार्षिक योजनाच बंद झाल्या, आणि तो नळही आटला. पुणे विद्यापीठात बीसीयूडीमार्फत कॉलेजच्या प्राध्यापकांना अशीच छोटी अनुदानं मिळत. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात ते मंडळच राहिलं नाही. दिल्लीत २०२३ च्या कायद्याने नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची भाषा झाली. छानच. पण ज्याच्या आयुष्यात अजून एकही प्रोजेक्ट झालेला नाही त्याने तिथे अर्जात काय लिहायचं? पहिला प्रोजेक्ट कुणीतरी घरच्याने द्यावा लागतो. विद्यापीठाचं अनुदान म्हणजे ते घरचं.

तर, भात कापणीच्या दिवसांत ही चौघं आजरा तालुक्यात फिरली. तिघांतली एक मुलगी इथल्याच एका वाडीवरची, शिकायला तिकडे हॉस्टेलवर. प्रश्नावली तिनेच टाइप केलेली. पहिल्या दिवशी ती घरोघरी "आपण बियाण्याचा स्रोत कोणता वापरता?" असं विचारत होती आणि म्हाताऱ्या माणसांना वाटायचं पोरगी सरकारी योजनेची आलीय. तिसऱ्या दिवशी ताईने कागद काढून घेतला आणि म्हणाली, तुझ्या आजीला विचार. आजी आधी हसली. "बियाणं काय बाजारातनं आणायचं असतंय व्हय?" म्हणाली. मग तासभर बोलत राहिली. कापणीआधी शेतात फिरून कुठल्या लोंब्या वेगळ्या काढायच्या, बांधाजवळच्या का नाही घ्यायच्या, लेकीला लग्नात दिलेलं बियाणं दुष्काळानंतर लेकीकडूनच परत कसं आणलं... मुलीने फोनवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली तोवर निम्मं सांगून झालं होतं!

ताई म्हणते, त्या संध्याकाळपर्यंत त्या मुलीला वाटायचं की संशोधन म्हणजे मायक्रोस्कोप. आपल्या आजीला जे येतं ते कुठेच लिहिलेलं नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एमआयटीने १९६९ मध्ये पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात घ्यायची योजना सुरू केली. त्यात मुलांना क्रेडिट किंवा पैसे मिळू शकतात. आपल्याकडे २००६ पासून 'आविष्कार' स्पर्धा आहे, चांगली आहे, पण तिथे तयार पोस्टर घेऊन जायचं असतं. पोस्टरच्या आधीच्या वडापचे पैसे कोण देणार?

आणि इथेच माझा शनिवार सुरू होतो.

अनुदानाचा निम्मा भाग आधी मिळतो, उरलेला युटिलायझेशन सर्टिफिकेट दिल्यावर. खर्चाचे रकाने ठरलेले: उपकरणं, रसायनं, प्रवास, स्टेशनरी, किरकोळ. सगळ्यात मोठा रकाना उपकरणांचा. ताईला हवा होता एक वजनकाटा आणि ओलावा मोजायचं छोटं यंत्र, तेवढंच. तिचा खरा खर्च फिरण्यात. आता वाडीवर एसटी दिवसातून एकदा, बाकी सगळं वडाप. वडापवाल्याने आयुष्यात कधी पावती फाडली आहे का? "मॅडम, पावती?" म्हणून तो इतका हसला म्हणे की गाडी बाजूला घेतली. आजीने दोन शेर बियाणं दिलं त्याचं बिल नाही. मुलांनी वडापाव खाल्ले त्याचं बिल नाही. हिशेबनीस म्हणाले, उपकरणांच्या रकान्यातले पैसे प्रवासाला वळवायचे तर समितीची मंजुरी आणा. समितीची बैठक ३१ मार्चनंतर.

निकाल असा: उपकरणांच्या रकान्यातले शिल्लक पैसे परत गेले, आणि प्रवासाचे साडेअकरा हजार ताईच्या पगारातून. मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले, शीट केलं, बेरजा जुळवल्या. जुळल्या, कारण जे जुळत नव्हतं ते ताईने आधीच स्वतःच्या खिशात घातलं होतं.

मला राग आला. माझी कंपनी विमानतळाच्या टॅक्सीचे पैसे फोनवरच्या फोटोवर देते. 'लर्निंग बजेट' म्हणून वर्षाला जी रक्कम मिळते ती मी दोन वर्षं वापरलेलीही नाही. ताई मात्र शांत. हिशेबनीसाची बाजू घेत म्हणाली, "अरे, त्यांनाही ऑडिट आहे. पूर्वी लोकांनी खोट्या बिलांवर एसी घेतलेत." खरं असेल. पण खोटं बिल तर छापून मिळतं! पकडली जाते ती खरी माणसं, ज्यांच्याकडे बिलच नाही. मशीन विकत घेणाऱ्यावर विश्वास आणि माणसाकडे चालत जाणाऱ्यावर संशय, असा काहीतरी तो फॉर्म आहे.

असो. ती मुलगी आता एमएस्सीला आहे. आजीचं रेकॉर्डिंग ताईने तीनदा ऐकून उतरवून काढलंय, एकोणीस पानं.

यंदाची जाहिरात आलीय. मी ताईसाठी एक कोरं व्हाउचर करून दिलं: तारीख, कुठून कुठे, किती जण, वडापवाल्याची सही, प्राचार्यांची सही. हे चालेल का, असं अर्ज करण्याआधीच लेखी विचार म्हटलं. तिने पत्र पाठवलंय. अर्जाची शेवटची तारीख पुढचा शुक्रवार. अजून उत्तर नाही.