लेकराची साक्ष

अंगणवाडीची तपासणी कशी होते ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. मुख्यसेविका येते. रजिस्टर पाहते. हजेरी, वजन, उंची, आहाराचा साठा. आता मोबाईलवर पोषण ट्रॅकर आहे, त्यात आकडे भरले की काम झालं. आपले कार्यकर्ते जातात तेव्हा तेही हेच पाहतात. खिचडी पातळ होती काय? तांदूळ कमी आहे काय? सेविका वेळेवर येते काय? सगळे प्रश्न मोठ्यांना. ज्याच्या नावानं हा सगळा कारभार मांडला आहे ते लेकरू तिथंच बसलेलं असतं, नाक पुसत. त्याला कोणी म्हणत नाही, "बाबू, तुले इथं कसं वाटते?"

चार वर्षांचं पोर काय सांगणार, असं लोक म्हणतात. दोस्तांनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपल्याबद्दल पिढ्यानपिढ्या हेच म्हटलं गेलं. त्यांना काय कळतं, त्यांच्या भल्याचं आम्ही पाहू. ज्यांनी हे वाक्य पाठीवर झेललं त्यांनी ते आपल्याच लेकरांना ऐकवावं, हे मला पटत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातली. हा धानाचा मुलूख. मिरगाचं पाणी पडलं की पऱ्हे टाकायचे, आणि पुढं रोवणं लागलं की गावात बाईमाणूस दिसत नाही. माझी माय पऱ्ह्याच्या पेंड्या घेऊन चिखलात वाकलेली आणि मी बांधीच्या धुऱ्यावर. पळसाला लुगड्याचा झोका. राखणीला थोरली बहीण. ती तेव्हा सात वर्षांची होती. त्या पावसाळ्यात तिची शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या वस्तीचं पाळणाघर म्हणजे थोरली पोरगी. सरकारच्या कोणत्याही कागदावर या पाळणाघराची नोंद नाही. तिला मानधन नाही, आणि तिलाही कोणी विचारलं नाही.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. देशात आधी ३३ प्रकल्प, मग वाढत वाढत गावोगाव. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आयांना आरोग्य आणि आहाराचं शिक्षण आणि लेकरांना पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा. योजना चांगली आहे. तिनं आमची लेकरं जगवली, हे मी नाकारत नाही. पण अंगणवाडी अर्ध्या दिवसाची आणि रोवणं अख्ख्या दिवसाचं. केंद्र सरकारनं २०२२ साली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची पाळणा योजना आणली. आमच्या गावात ती पोचलेली नाही. उरलेला अर्धा दिवस अजून थोरल्या पोरीच्याच कडेवर आहे.

आमच्या गावात अंगणवाडी गावाच्या त्या टोकाला आहे, मोठ्या लोकांच्या घरांमागं. बौद्ध मोहल्ला या टोकाला, त्याला लागून ढिवरांची टोली. मोहल्ल्यातल्या पोरांनी ठरवलं, आपल्या बाजूला अंगणवाडी मागायची. आधार पक्का होता. भुकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाडी झाली पाहिजे. १३ डिसेंबर २००६ ला आणखी स्पष्ट सांगितलं : सहा वर्षांखालची ४० लेकरं असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल आणि लोकांनी मागणी केली, तर तीन महिन्यांत द्या. अनुसूचित वस्त्यांना आधी द्या. पोरांनी निवेदनाचे मुद्दे काढले. एक, अंतर. दोन, वाघ. आमच्या ब्रह्मपुरी वनविभागात वाघाची धास्ती खरी आहे, सकाळी झुडपाजवळून लेकरू धाडताना मायचा जीव टांगलेला असतो. मी म्हटलं, मुद्दे बरोबर आहेत. पण कागद पक्का करायच्या आधी जे रोज त्या वाटेनं जातात त्यांना विचारू.

विचारायचं कसं, हा प्रश्न आला. तीन वर्षांच्या पोराला समोर उभं करून "तुला अंगणवाडी आवडते का?" म्हटलं तर ते मान हलवतं. होय तर होय, नाही तर नाही. तुमच्या तोंडाकडं पाहून उत्तर देतं. इंग्लंडात ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी २००१ साली या कामाची एक पद्धत मांडली. लेकराच्या हाती कॅमेरा द्यायचा, त्याला आपली जागा दाखवत फिरू द्यायचं, चित्र काढू द्यायचं, आणि हे सगळे तुकडे जोडून पाहायचे. आपल्याला कॅमेरा लागत नाही. लेकराचं बोट धरायचं आणि म्हणायचं, चल, मले दाखव. पुढं ते, मागं आपण. तेच शिक्षक, आपण इयत्ता पहिली.

पहिल्या दिवशी चार वर्षांचा एक पोरगा मला घेऊन निघाला. झुडपाजवळून बिनधास्त चालला. वाघाचं नावही नाही. पुढं एका मोठ्या घराची ओसरी आली आणि तो थांबला. माझं बोट घट्ट धरलं. म्हणाला, "इथून नाई जायचं, आत्या. इथं कुत्रं सोडते." मग मला नहराच्या काठानं फिरवून नेलं. तो नहर खोल आहे. तीन वर्षांची, चार वर्षांची लेकरं एकमेकांचा हात धरून रोज त्या काठानं जातात, हे मोहल्ल्यात एकाही मोठ्या माणसाला माहीत नव्हतं. सरळ रस्ता सगळ्या गावाचा आहे. पण त्या ओसरीसमोरून आमच्या लेकरांनी जाऊ नये असं कोणाला तरी वाटतं, आणि ते सांगायचं काम कुत्र्याकडं दिलेलं आहे.

दुसरी एक पोरगी. तिनं आपली बसायची जागा दाखवली. दारापाशी, जिथं सगळ्यांच्या चपला. माझ्या कानशिलात ठणकलं. मी विचारलं, "इथं काऊन बसतेस, माय?" तर म्हणे, "इथून ताई दिसते." तिची आठ वर्षांची बहीण बाहेर पिंपळाखाली बसून राहते, हिला घरी न्यायला. चपलांची जागाही खरी आणि ताई दिसते हेही खरं. मोठ्यांनी पहिलंच लिहिलं असतं. दुसरं लिहिलं नसतं तर उद्या आपणच हिला भिंतीजवळ चांगल्या जागी बसवून रडवली असती. आणि पिंपळाखालच्या त्या ताईला कोणीच पाहिलं नसतं. ती शाळेत का नाही, हा प्रश्न तिथून निघाला.

तिसरी गोष्ट ताटलीची. एका पोराला म्हटलं, तुझी सगळ्यात आवडती वस्तू दाखव. त्यानं आपली पिशवी दाखवली. पिशवीत स्टीलची ताटली. म्हणाला, "हे माझी. घरून आनतो, घरी नेतो." मी विचारलं, आणि बाकीच्यांच्या? त्यानं भिंतीवरच्या फळीकडं बोट केलं. तिथं ताटल्यांची चळत. "त्याहीच्या तिथं हायेत. आमच्या पिशवीत." एवढंच बोलला आणि खेळायला पळाला. त्याला राग नव्हता. पिशवीचा अभिमानच होता, तिच्यावर हत्तीचं चित्र होतं.

खिचडी त्याच पातेल्यातली. डाव तोच. वजन पुरं. कोणत्याही तपासणीत काही सापडलं नसतं. पण गावच्या ताटल्या फळीवर राहतात आणि आमच्या ताटल्या रोज घरी परततात. चार वर्षांच्या पोराला अपमान कळत नाही, पण अपमानाचा पत्ता त्याला बरोबर माहीत असतो.

इथं कोणाला काय आठवेल ते सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब वेगळ्या गोणपाटावर बसत. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. पाणी शिपायानं वाढलं तर, नाही तर तहान. हे त्यांनी पुढं मोठेपणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिलं. गोणपाट घेऊन जाणाऱ्या त्या पोराचा जबाब त्या दिवशी घ्यायला कोणी नव्हतं. त्याला स्वतःच मोठं व्हावं लागलं, विलायतेला जावं लागलं, मग स्वतःची साक्ष स्वतः द्यावी लागली. प्रत्येक लेकरू भीमराव होईल आणि मग सांगेल, इतका वेळ आपल्याकडं आहे काय? १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. ती घेतलेली माणसं आमच्या मोहल्ल्यात होती. त्यांच्या पणतवंडाची ताटली पिशवीत आहे.

आम्ही सेविकेकडं गेलो. भांडायला नाही, बोलायला. ती म्हणाली, "मी येण्याआधीपासून असंच हाये, बाई. मी मानधनावर. मले याच गावात राहायचं हाये." तिचं म्हणणं ऐकून घ्या. सेविका-मदतनीस म्हणजे कष्टकरी बायाच आहेत, पुष्कळ ठिकाणी आपल्याच बहिणी. त्यांना आकड्यांच्या ओझ्याखाली दाबून ठेवलंय. तिची नोकरी खाऊन ताटली फळीवर चढत नाही. ती एकटी फळीला हात लावू शकत नाही. तिच्या पाठीशी मोहल्ला उभा राहिला तर लावेल.

मग मोहल्ल्यात वाद पेटला. एक गट म्हणे, वेगळी अंगणवाडी घ्या, त्यांची फळी त्यांना लखलाभ. दुसरा गट म्हणे, २० मार्च १९२७ ला महाडला वेगळं तळं मागितलं होतं काय? सार्वजनिक तळ्यावरच ओंजळ भरली होती. दोन्ही बाजूंचं रक्त तापलं. मी म्हटलं, ज्यांना तिथं बसायचं आहे त्यांच्याकडं जा. पोरांनी धुळीत काडीनं गाव काढलं. कुठं खेळता? सगळ्यांची बोटं एकाच जागी गेली. समाजमंदिर आणि ढिवर टोली यांच्या मधलं मोकळं पटांगण. "तिकडचे बी येतील काय?" एकीनं विचारलं. तिकडचे म्हणजे ढिवरांची लेकरं. आणि दुसरा म्हणाला, "तिकडं मोठ्या अंगणवाडीत घसरगुंडी हाये. मी तिथं बी जाईन." लेकरांना दोन्ही पाहिजे. जवळची जागा पाहिजे आणि गावची घसरगुंडी सोडायची नाही. आमच्या दोन्ही गटांपेक्षा त्यांची मागणी मोठी निघाली.

एकट्या बौद्ध मोहल्ल्यात ४० लेकरं भरत नव्हती. ढिवर टोली धरली तर भरतात. आम्ही महिनाभर आकडा घेऊन बसलो होतो, पोरं त्या पटांगणात रोज एकत्रच खेळत होती.

हे काम आपल्या मुलखात अगदीच नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. वस्तीतली लेकरं मधल्या बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. त्या वस्तीला त्या काळी जो शब्द लावत तो आपल्याला नको, पण काम खरं होतं. पुढं १९५७ ला त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी लेकरं गुरांमागं जातात म्हणून शाळा कुरणावर नेली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणारी पोरगी शाळेत बसावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली. लेकरू येत नाही हेही लेकराचं बोलणंच असतं. ते त्यांनी ऐकलं.

आज कायदाही आपल्या बाजूनं बोलतो. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला, भारतानं तो १९९२ साली मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमात आहे की लेकराशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकलं पाहिजे. २००५ साली त्या कराराच्या समितीनं सांगितलं, अगदी लहान लेकरांनाही हे लागू आहे. बोलता येत नसलं तरी.

आमचं निवेदन गेलं आहे. मागण्या चार. पटांगणात दोन्ही टोल्यांची मिळून अंगणवाडी. तिला रोवण्याच्या दिवसांत दिवसभराचं पाळणाघर. जुन्या अंगणवाडीत सगळ्यांच्या ताटल्या एका फळीवर. आणि सरळ रस्ता लेकरांसाठी मोकळा. उत्तर आलेलं नाही. फळीच्या मुद्द्यावर गावात कुजबुज आहे, दोन घरांनी मजुरीला बोलावणं बंद केलं आहे. लढा आहे, तो सोपा नसतो.

तुम्ही आपापल्या गावी हे करा. पण तीन गोष्टी सांभाळा. लेकराचं नाव कागदावर घालू नका, कारण राग निघतो तो त्याच्यावर निघतो. त्याच्या तोंडात आपलं भाषण घालू नका, ते जे सांगतं ते आपल्या घोषणेत बसत नसलं तरी तसंच लिहा. आणि ऐकून घरी जाऊन झोपू नका. एकदा बोट धरून वाट दाखवली आणि काहीच बदललं नाही, तर ते लेकरू शिकतं की सांगून उपयोग नसतो. हे शिक्षण आपल्याला हजारो वर्षं मिळालं आहे. ते आपल्या हातून पुढं जाऊ नये.

उद्या सकाळी अंगणवाडीच्या वेळेला निघा. रजिस्टर मागू नका. एखाद्या लेकराला बोट द्या आणि त्याच्या मागं चाला.

जयभीम.