बंदे आणि सुटे

पैसे मोजणे हे वस्तू मोजण्याचेच पुढचे पाऊल मानले जाते; पण ज्या मुलाने एकास-एक संगती, म्हणजे प्रत्येक मण्याला बोट लावून एकेक संख्या उच्चारणे, पहिलीचे वर्षभर घोटलेली असते, त्याच्यापुढे पाचाचे नाणे ठेवून ‘हे एक नव्हे, पाच’ असे सांगितले की त्याच्या पायाखालची जमीनच सरकते. रुपयाची चार नाणी पाचाच्या एका नाण्यापेक्षा जास्त, हे त्याचे उत्तर आधीच्या धड्याशी इमान राखूनच आलेले असते. आकाराचाही भरवसा नाही, कारण २०११च्या मालिकेत दोनाचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि पाचाचे २३, तर २०१९च्या मालिकेत नेमके उलटे, आणि दोन्ही मालिका आज एकाच गल्ल्यात नांदतात.

अशा वेळी चिंचोके उपयोगी पडतात. पाच चिंचोके मोजून वाटीखाली झाकावेत आणि पालथ्या वाटीवर पाचाचे नाणे ठेवावे. मूल आधी वाटी उचलून खात्री करते, काही दिवसांनी नुसती टिचकी मारून ‘पाच’ म्हणते आणि मग वाटी मागतच नाही. त्यानंतरच बंदे देऊन सुटे घेण्याचा, म्हणजे एका नोटेची तेवढ्याच किमतीची लहान नाणी करण्याचा, खेळ मांडावा.

दुकानाच्या खेळात वजाबाकीची घाई नको. सत्तावीस रुपयांच्या मालासाठी पन्नासाची नोट घेतलेला वाणी सत्तावीसवर तीन ठेवून तीस म्हणतो, वर वीस ठेवून पन्नास म्हणतो, आणि मोड देऊन मोकळा होतो. शिवाय नोटा मांडताना आधी वीस आणि मग सात येतात, तर जीभ सात आधी उच्चारते. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस सात’ अशा वाचनावरून केवढा गदारोळ झाला, पण मुलाचा हात तर रोज तसेच वाचतो. उलट ‘एकोणतीस’ या शब्दात, म्हणजे एकाने उणे तीस यात, व्यवहारच दडलेला आहे: दहाच्या तीन नोटा द्याव्यात, रुपया परत घ्यावा. त्यामुळे वर्गातल्या दुकानात एखाद्या कंपासपेटीवर २९ची चिठ्ठी हवीच. नव्व्याण्णवला मात्र ही युक्ती चालत नाही. त्या शब्दात ‘एकोण’ नाही, आणि दुकानदारांची लाडकी किंमत नेमकी तीच.