कुणाकडं आलाव?

मराठवाड्यात एसटीतून उतरलेल्या परक्या माणसाला नाव विचारायच्या आधी विचारतात, ‘कुणाकडं आलाव?’ कुणाचे पाहुणे, कुणाचे सोयरे, कुणाच्या दारात चपला काढणार, हे एकदा कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं. १९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या कॉलेजातल्या आम्ही चौघी मैत्रिणी पाठीवर सॅक टाकून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात हिंडलो. येडशीच्या स्टेशनापासून नळदुर्गच्या तटापर्यंत ज्याने त्याने आम्हाला हाच प्रश्न विचारला. आम्ही कुणाकडेच आलो नव्हतो.

आयुष्यातला तो पहिला स्वतःचा प्रवास. मनात खरं तर हिमाचल होतं, हरिद्वार होतं, नकाशावर पेन्सिलीने ओढलेल्या लांबलचक रेघा होत्या. पण हातात पैसे होते ते एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासाचे. आणि घरून परवानगी मिळाली ती तुळजापूरच्या नावावर. आमच्यातल्या तिघींची कुलस्वामिनी तुळजाभवानी. नुसतं हिंडायला जाणं हे मुलीने घरात उच्चारण्यासारखं कारण नव्हतं. देवीला जाणं होतं. आईने खण, नारळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या माझ्या सॅकच्या तळाशी ठेवल्या, वर कपडे, त्यावर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. चौथीच्या वडिलांनी आमच्या तिघींच्या घरी फोन करून आम्ही खरंच देवीला चाललोय ना, याची खात्री करून घेतली.

मराठी बाई कधी घराबाहेर पडतच नव्हती असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. आळंदी ते पंढरपूर ती चालत आली आहे. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालणाऱ्या गर्दीत तरण्या पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत किती बाया असतात ते जाऊन बघावं. पायाखालची वाट तिच्या ओळखीचीच आहे. पण त्या प्रत्येक वाटेच्या टोकाला सांगता येण्यासारखं कारण उभं असतं: माहेर, नवस, लग्न, बाळंतपण, दवाखाना. कारणाशिवाय उचललेलं पाऊल तिच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

कुर्डुवाडीला पहाटे उतरून आम्ही बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसलो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीचे रूळ टाकून १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा मार्ग सुरू केला. १९११ मध्ये तो लातूरला पोचला, १९२७ मध्ये मिरजेला. डबा इतका अरुंद की समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. अशा डब्यात कुणी परकं राहणं अवघड. बार्शीपर्यंत आमची नावं, वय, आडनावं, गावं आणि वडिलांचा पगार सगळ्या डब्याला ठाऊक झाला होता. ‘बघायला आलोय’ एवढं मात्र कुणाच्या गळी उतरेना. ‘काय बघायला?’ ‘सगळंच.’ मग एखादी बाई आपल्या शेजारणीकडे बघायची आणि पिशवीतून पेरू काढून आमच्या हातावर ठेवायची.

येडशीचं रामलिंग, धाराशिवच्या डोंगरातली लेणी हे बघून झालं. लेण्यांतल्या पार्श्वनाथाच्या मूर्ती सुंदर आहेत. पण त्या प्रवासातलं मला आजही पुरून उरलेलं गाव म्हणजे तेर.

तेर आज तेरणेच्या काठचं एक मोठं खेडं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचं नाव तगर असं येतं: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर. तिथलं जाडंभरडं कापड, तलम कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात होतं आणि तिथून समुद्रापार. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतातून, पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या; त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तिथे आहे. मातीचे दिवे, मणी, हस्तिदंताची एक देखणी स्त्रीमूर्ती. रोमच्या साम्राज्यातल्या पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं जोडतात. विटांचं त्रिविक्रमाचं मंदिर मागच्या बाजूने अर्धवर्तुळाकार आहे. अभ्यासक त्याला मुळात बौद्ध चैत्य मानतात. इतक्या दूरदूरच्या माणसांचं येणंजाणं पचवलेलं हे गाव, आणि संध्याकाळी गोरोबाकाकांच्या देवळाबाहेर एका मावशींनी आम्हाला विचारलं, ‘कुणाकडं आलाव गं पोरींनो?’

कुणाकडं नाही, म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. ‘चला मग आपल्याकडं.’ त्या रात्री आम्ही त्यांच्या माळवदाच्या घरात राहिलो. चुलीपुढे बसून त्यांनी आमच्यासाठी भाकऱ्या थापल्या. सोबत ठेचा आणि शेंगदाण्याची आमटी. आम्ही भांडी घासतो म्हटलं तर हात धरून मागे बसवलं. जेवणं झाल्यावर कंदिलाच्या उजेडात त्यांनी आमच्या सॅक उचलून बघितल्या, पट्टे खांद्याला लावून बघितले. मग विचारलं, समुद्र बघितलाय का? आम्ही सगळ्यांनी बघितला होता. कसा असतो ते सांगायला लागलो. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘मला बी बघायचाय एकदा. पण समुद्राकडं आपलं कोण हाय?’

या वाक्यापाशी मी किती वेळा येऊन थांबले आहे. याच मातीत विणलेलं कापड समुद्र ओलांडून गेलं होतं. त्या मातीवर घर असलेल्या बाईला समुद्रापर्यंत जायला तिकडे कुणी नातलग हवा होता. पैसे नाहीत, वेळ नाही, नवरा सोडत नाही, यातलं काहीही त्या म्हणाल्या नाहीत. तिकडे आपलं कुणी नाही, एवढंच. जिथे आपलं माणूस नाही तिथे जाण्याची वाटच त्यांच्या मनात पाडली गेलेली नव्हती.

‘कुणाकडं आलाव’ या प्रश्नाचा मला तोवर थोडा राग येत होता. पुण्यातही पोरींना असंच हटकतात: कुठे निघालीस, कुणाबरोबर, किती वाजता येणार. त्या रात्री राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याच प्रश्नाने आम्हाला छप्पर दिलं होतं, हे खोटं कसं म्हणू? त्यात पहारा आहे आणि आसराही आहे, आणि दोन्ही एकाच धाग्यात विणलेले आहेत. पहारा तेवढा उसवून आसरा ठेवता येईल का, हे मला आजही उमगलेलं नाही. तसं करता यायला हवं, असं मात्र मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी ढोकीच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या गाड्या दिसल्या. हंगाम सुरू होत होता. बैलगाडीत पिठाच्या गोण्या, भांडी, पांघरुणं, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, वर लेकरं, आणि गाडीच्या मागे चालणाऱ्या बाया. आमच्यापेक्षा वयाने लहान असलेली एक मुलगी कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकं घेऊन चालत होती. आम्ही तिच्याकडे बघत होतो, ती आमच्या सॅककडे. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत फडावरची खोपटी: हे सगळं मी नंतर वाचलं, विचारलं, समजून घेतलं. तेव्हा एकच लक्षात आलं की तिला ‘कुणाकडं’ असं कुणी विचारत नाही. सगळा संसार घेऊन महिनोन्‌महिने रस्त्यावर असलेल्या बाईला या देशात कुणी प्रवासी म्हणत नाही. ती जिथे जाते तिथे तिचं कुणी नसतं, आणि तरी तिला जावंच लागतं. समुद्राची मावशी आणि ही मुलगी, या दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही चौघी उभ्या होतो: जायचं ठिकाण निवडून, आणि परत यायचं घर शाबूत ठेवून. ती जागा आमच्या कर्तबगारीने मिळालेली नव्हती.

तुळजापुरात पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. पायऱ्या उतरून खाली जायचं, कल्लोळाला आणि गोमुखाला पाय धुवायचे, मग दर्शनाची रांग. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी घेतलेल्या आराधिणी रांगेला समांतर चालल्या होत्या. ओटी भरून बाहेर आल्यावर पुजारीकाकूंनी जे सांगितलं ते आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. इथली मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. दसऱ्याला तर नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून पालखी येते, देवी त्या पालखीत बसून सीमोल्लंघन करते आणि मग कोजागिरीपर्यंत झोपते. ‘दमती की ओ आई,’ काकू म्हणाल्या. देवी शीव ओलांडते, दमते आणि झोपते. आमच्या घरच्यांनी आम्हाला जिच्या नावावर सोडलं होतं ती स्वतः दरवर्षी वेशीबाहेर पडणारी होती. मला तेव्हा झालेला आनंद भक्तीचाच होता. आजवर माझी भक्ती म्हणून जी काही आहे ती त्याच जातीची आहे.

नळदुर्गला मात्र आम्ही नुसत्या हुंदडलो. बोरी नदीवर दगडी धरण घालून त्या धरणाच्या पोटातच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात पाणीमहाल बांधला आहे. धरण भरलं की पाणी नर आणि मादी अशा दोन धबधब्यांनी कोसळतं आणि आतल्या दालनात थेंबही येत नाही. त्या वर्षी पाणी होतं. भिंतीच्या आत उभं राहून, समोरून खाली झेपावणारं पाणी बघत आम्ही ओरडलो. आवाज पाण्यात विरला. याच मुलखात १८५० च्या दशकात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार बघत होता. त्याने पुढे तुळजापूरच्या मुलीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, १८६३ मध्ये. आणि १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने निजामाच्या राज्यात आधी हेच नळदुर्ग घेतलं, बोरीवरचा पूल शाबूत राखून. किल्ल्याच्या राखणदाराने हे सगळं आम्हाला तटावर बसून सांगितलं. आम्ही कुणाकडं आलोय हे त्यानेही विचारलं होतं. ‘किल्ल्याकडं,’ आमच्यातली एक म्हणाली, आणि त्याला ते उत्तर चाललं.

तिथून पुढे उमरग्याच्या बाजूला सास्तूर होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात, गणपती बोळवून झोपलेली गावं तिथे दगडामातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून जवळपास दहा हजार माणसं. पाच वर्षं झाली होती. जायचं का, यावर रात्री आम्ही बोललो आणि नाही म्हणून ठरवलं. तिथे कुणी ‘कुणाकडं आलाव’ विचारलं असतं, तर ‘बघायला’ हे उत्तर तोंडातून निघालं नसतं.

ती छोटी गाडी आता नाही. २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी मोठे रूळ पडले आणि धाराशिव शहर रेल्वेच्या नकाशावर आलं. आमच्यातली एक आता परदेशी आहे, दोघींच्या मुली कॉलेजात आहेत आणि त्या स्पितीला जाऊन आल्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. एसटीच्या तोट्याचा हिशेब मांडून या सवलतीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी मात्र तिच्या बाजूने जीव तोडून भांडेन. मागच्या वर्षी तुळजापूरहून सोलापूरला येताना शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या, मांडीवर छोटी पिशवी. सवयीने मीच विचारलं, कुणाकडं निघालाय?

‘कुणाकडं बी नाही,’ त्या म्हणाल्या. ‘सोलापुरात तळं हाय म्हणं मोठं. बघून येते. पाचच्या गाडीनं माघारी.’

कंडक्टरने त्यांना तिकीट दिलं. त्यांनी खिडकीची काच सरकवायला माझी मदत मागितली.