भरलेली आणि धड

उन्हाळ्यांत नागपुरांत माणसांनीं वाळ्याच्या ताट्यांआड बसावें आणि यंत्रांनीं सावलींत उभें राहावें, हा येथील सृष्टिनियम आहे. यंदाच्या वैशाखांत आम्हीं तो मोडला. पारा ४५ अंशांच्या आसपास असतां रामटेकास जाऊन आलों. आणि परततांना आमच्या हायब्रिड गाडींतील मागील आसनाजवळचा पंखा असा घोंघावूं लागला, कीं सर्वांचें बोलणें थांबलें. समोरच्या पडद्यावर मात्र बॅटरीच्या आठांपैकीं सहा रेघा भरलेल्या होत्या. तिकडे बोट दाखवून आम्हीं मंडळींना धीर दिला.

दुसऱ्या दिवशीं ओळखीचा मिस्त्री आला. त्यानें स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या खोबणींत आगपेटीएवढें यंत्र खोंवलें आणि आपला मोबाइल आमच्या हातीं दिला. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झालेली ही खोबण. गाडीचा संगणक आपल्या पोटांतलें येथें सांगतो.

"साहेब, भरलेली असणें वेगळें आणि धड असणें वेगळें," मिस्त्री म्हणाला. ही गाडी बॅटरी पुरती भरूं देत नाहीं, कीं पुरती रिकामी होऊं देत नाहीं. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान तिला खेळवीत ठेवते. म्हणून जीर्ण बॅटरीच्याही रेघा टवटवीत दिसतात.

आमच्या बॅटरींत निकेल-मेटल-हायड्राइडच्या २८ पेट्या. संगणक त्यांच्या १४ जोड्या करून प्रत्येकीचा दाब मोजतो. गाडी उभी असतां चौदाही आंकडे सारखे होते. मग मिस्त्रीनें ती सेमिनरी हिल्सच्या चढावर घातली. जोर लागतांच तेरा जोड्या थोड्या उतरल्या. मधली एक त्यांच्याहून सव्वा व्होल्टानें खचली, आणि चढ संपतांच पुन्हां पंक्तींत येऊन बसली. धोक्याचा दिवा लागला नव्हता. फरक फार वाढल्यावांचून तो लागत नाहीं.

कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. बॅटरी थंड राखणारी हवा पंखा मागील आसनाजवळच्या जाळींतून ओढतो. त्या जाळीवर तीन वर्षें आमची शाल आणि संत्र्यांची पिशवी विसांवत होती. मागें धुळीचा थर होता. बॅटरीचा श्वास आम्हींच कोंडला होता, आणि सहा रेघा दाखवून तिची प्रकृति उत्तम असल्याची ग्वाहीही आम्हींच देत होतों!

जाळी आतां मोकळी आहे. एक जोडी बदलावी कीं सारी बॅटरी, हा निकाल दिवाळीपर्यंत राखून ठेविला आहे. नवी पेटी जुन्यांशीं नीट जुळत नाहीं, असें मिस्त्री सांगतो. तोंवर दर महिन्यास त्याच चढावर जाऊन आम्ही चौदा आंकडे वहींत उतरवितों.

परवां डॉक्टरांनीं आमच्या हृदयाचा आलेख चालत्या पट्ट्यावर काढावयास सांगितला. निजून काढलेला चांगला आला असतां हा उपद्व्याप कशाला, असें एरवीं आम्हीं खात्रीनें म्हटलें असतें. या खेपेस मुकाट्यानें दिवस ठरवून आलों.