उशिरा आलेला चेहरा

आमच्या मंडळाची कुटुंबसूची आम्ही २०१६ साली मोबाइलवर आणली. तोवर ती एका जाड, निळ्या कापडी बांधणीच्या वहीत होती आणि ती वही चिटणीसांच्या कपाटात. गायकवाडांच्या लष्कराबरोबर, दफ्तराबरोबर, पुढे सयाजीराव महाराजांच्या निरनिराळ्या खात्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने बडोद्यास येऊन स्थिरावलेल्या घराण्यांची ही नोंद. आडनाव, मूळ गाव, बडोद्यास प्रथम कोण आले, हल्ली कोण कोठे राहतात, आणि मिळाल्यास घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे. रावपुऱ्यातील, दांडिया बाजारातील वाडे पडून त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, मुले पुण्यास आणि परदेशी गेली, आणि वही पाहावयास येणारी माणसे वर्षाकाठी पाच-सहावर आली. तेव्हा कार्यकारिणीच्या सभेत आम्हीच उत्साहाने म्हणालो, की हे काम आमच्याकडे द्या.

उत्साहास थोडा आधार होता. आमची सारी नोकरी एका सरकारी उपक्रमाच्या संगणक विभागात गेली. छिद्रे पाडलेल्या कार्डांपासून आम्ही सुरुवात केली आणि कोबोल भाषेत हजारो लोकांची पगारपत्रके काढली. पण त्या जगात कोणी ताटकळत नसे. रात्रपाळीस काम यंत्रास लावावे, सकाळी छापील कागदांची चळत उचलावी. मधल्या सहा तासांत यंत्र काय करीत होते, याची चौकशी करावयास कोणी येत नसे. मोबाइलचे तसे नाही. तेथे माणसाचे बोट काचेवर टेकलेले असते, आणि बोटाखालची यादी बोटाबरोबर हलली नाही तर ते क्षणात कळते.

चौसष्टाव्या वर्षी पुस्तके आणून आम्ही अँड्रॉइडची विद्या शिकलो. नऊशेच्या वर नावे, त्यांपैकी सहाशेंची छायाचित्रे. पहिली आवृत्ती तयार झाली आणि आम्ही ती मोठ्या अभिमानाने घरात दाखविली. यादी वर सरकविली की ती दोन बोटे हले, अडे, पुन्हा एकदम चार बोटे उडी मारी. खडबडीत रस्त्यावरून टांगा जावा तशी तिची चाल. एकदा तर ती पाच सेकंदांहून अधिक काळ निपचित पडली आणि फोननेच विचारले, की हे प्रतिसाद देत नाही, बंद करावे काय? आमच्या सौभाग्यवतींनी ‘करा बंद’ असा निर्णय तत्काळ दिला.

चूक शोधण्यास वेळ लागला नाही. ती समजावून सांगताना आम्ही मंडळात पंगतीचा दाखला देत असू, तोच येथे देतो. फोनचा पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगविला जातो. अलीकडच्या काही फोनांत नव्वद वा एकशेवीस वेळा. साठ वेळा म्हणजे एका चित्रास सोळा-सतरा मिलिसेकंद. हे रंगविण्याचे, बोटाचा स्पर्श ओळखण्याचे आणि ओळी जागेवर मांडण्याचे काम एकच कामकरी करतो. संगणकाच्या भाषेत त्यास मुख्य थ्रेड म्हणतात, आम्ही त्यास वाढपी म्हणतो. पंगतीत वाढप्याने सतत फिरते राहावयाचे असते. कोणी ‘भात’ म्हटले, की भात वाढून पुढे. त्याने ‘थांबा हं, आता चूल पेटवितो, आधण ठेवतो’ असे म्हणून स्वयंपाकघरात तळ ठोकला, तर सारी पंगत हात वाळवीत बसेल. आमच्या कार्यक्रमात नेमके हेच चालले होते. प्रत्येक ओळ दिसू लागली, की वाढपी स्वतःच साठवणीतून छायाचित्राची फाइल काढी, उलगडी, आकाराने लहान करी आणि मग चौकटीत लावी.

त्या छायाचित्रांचा आकारही काही थोडाथोडका नव्हता. जुन्या तसबिरींच्या प्रती आम्ही हौसेने मोठ्या करून घेतल्या होत्या. ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचे एक चित्र उलगडले म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपके होतात, आणि ठिपक्याला चार बाइट या हिशेबाने स्मृतीत ४ कोटी ८० लाख बाइट जागा अडते. हे सर्व अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकटीसाठी! उलगडतानाच उंची-रुंदी एक अष्टमांश करून मागितली, तर तेच चित्र साडेसात लाख बाइटांत मावते. हा उपाय पुस्तकात होता. आम्ही ते पान घाईत ओलांडले होते.

तर उपाय असा, की मागे आचारी नेमावयाचा. वाढप्याने फक्त निरोप द्यावा, ‘अमक्या चौकटीस अमके छायाचित्र हवे’, आणि लगेच पुढल्या कामास लागावे. आचारी मागच्या थ्रेडवर चित्र तयार करतो आणि तयार झाल्यावर वाढप्याच्या हाती देतो. चौकटीत ते वाढपीच लावतो, कारण पडद्यास हात लावण्याचा अधिकार त्याच्याखेरीज कोणास नाही. सोवळ्याचा हा नियम अँड्रॉइडमध्ये फार कडक आहे. मागच्या थ्रेडने पडद्यास हात लावण्याचा प्रयत्न केला, तर कार्यक्रम जागच्या जागी कोसळतो. या कामासाठी असिंकटास्क नावाची सोय त्या काळी होती आणि आम्ही ती वापरली. यादी पाण्यासारखी वाहू लागली. चौकटी आधी रिकाम्या दिसत, क्षणभराने एकेक चेहरा उमटे. मंडळात टाळ्या झाल्या. एका ज्येष्ठ सभासदांनी सयाजीराव महाराजांच्या फिरत्या वाचनालयांची आठवण काढली. बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा खेड्याच्या वाचकास बडोद्यापर्यंत यावे लागू नये म्हणून पुस्तकांच्या पेट्याच त्याच्या गावी जात. वाचक मागेल ते मागून आणून देण्यापेक्षा पुढचे आधीच त्याच्या दाराशी नेऊन ठेवावे, हा त्यातला विचार. पुढे आम्हीही यादीच्या पुढच्या पाच-दहा नावांची चित्रे आधीच मागविण्याची सोय केली. पण ती गोष्ट नंतरची.

आमच्या आत्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. १९४९ साली त्यांचे लग्न झाले, सासर गावातच, चार गल्ल्या पलीकडे. १९५४ साली काकांना विषमज्वर झाला आणि ते गेले. बाविसाव्या वर्षी आत्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. काकांची एकच तसबीर होती, ती सासरच्या माजघरात. पुढे त्या वाड्याची वाटणी झाली, भांडीकुंडी चार दिशांना गेली, आणि तसबीर कोणाच्या वाट्यास आली हे कोणालाच सांगता आले नाही. सूचीसाठी आम्ही ती पुन्हा शोधली. काकांच्या पुतण्यांना पत्रे टाकली, एकाकडे जाऊन माळाही धुंडाळला. मिळाली नाही. काकांच्या नावापुढे चित्र नाही, ही नोंद आम्ही स्वहस्ते केली होती.

नवी आवृत्ती दाखवावयास आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या उशाशी नातसुनेने दिलेला एक जुना, स्वस्तातला फोन असे. त्यावर सूची चढविली, बोटाने झरझर यादी फिरविली आणि त्यांच्या सासरच्या आडनावापाशी थांबविली. आत्यांनी चष्मा पुसून फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“अरे,” त्या म्हणाल्या, “ह्यांचा फोटो कुठून मिळवलास?”

आम्ही वाकून पाहिले. काकांच्या नावापुढे काळ्या टोपीतील, मिशा राखलेल्या एका तरुण माणसाचे छायाचित्र होते. आत्यांनी पदराने काच पुसली. “टोपी हीच,” म्हणाल्या. “अशीच घालायचे, जरा डावीकडे.”

आम्ही ‘बघतो हं’ असे काहीतरी पुटपुटून फोन घेतला, सूची बंद केली, पुन्हा उघडली. चौकट रिकामी. आत्यांनी विचारले, “गेला?” आम्ही म्हणालो, की यंत्रात काहीतरी बिघाड आहे, घरी नेऊन पाहतो. त्या रात्री घरी येईपर्यंत वाटेत सूरसागराचा काठ केव्हा मागे पडला, याचे भान राहिले नाही.

घरी आमच्या फोनवर काही केल्या तो चेहरा येईना. यादी सावकाश सरकविली की सारे यथास्थित. रात्री दोनच्या सुमारास जुना फोन पुढे घेऊन वेगाने यादी फिरविली, तेव्हा तो आला. मग आम्ही दहा-बारा वेळा तेच केले, आणि दर दोन-तीन वेळांत एकदा तो येतच राहिला.

येथे पंगतीचा दाखला पुढे न्यावा लागतो. नऊशे नावांसाठी फोन नऊशे ओळी तयार करीत नाही. पडद्यावर मावतात तेवढ्या आठ-दहा ओळीच तो घडवितो. वरची ओळ दृष्टीआड झाली की तीच उचलून खाली आणतो आणि तिच्यावर नवे नाव घालतो. पाट तेच, माणसे बदलत राहतात. ही काटकसर उत्तम आहे, तिच्याशिवाय यादी चालणारच नाही. पण समजा, तिसऱ्या पाटावर एक उपासकरी बसले होते. वाढप्याने आत निरोप दिला, ‘तिसऱ्या पाटास साबुदाण्याची खिचडी’. खिचडी होईपर्यंत उपासकरी उठून गेले आणि त्या पाटावर दुसरे कोणी बसले. खिचडी आली. वाढप्याने पाटाचा क्रमांक पाहिला आणि नव्या माणसाच्या पानात ती वाढली. आचारी चुकला नाही, वाढपीही नाही. निरोपात पाट होता, माणूस नव्हता.

त्या नव्या माणसाने स्वतःचे काही मागविले असते, तर ते मागून येऊन खिचडीच्या जागी बसले असते. असिंकटास्कचा निरोपांचा क्रम २०११ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये आपसूक एकामागून एक असा असे, म्हणून इतर ओळींत क्षणभर परका चेहरा चमकून खरा चेहरा येई, आणि आम्ही त्यास डोळ्यांचा भास समजलो होतो. काकांच्या ओळीने काहीच मागविले नव्हते. मागविण्यासारखे काही नव्हतेच. म्हणून उशिरा आलेला तो चेहरा तेथेच मुक्कामास राहिला. तो चेहरा दहा नावे वरच्या एका गृहस्थांचा होता. त्यांचा आमच्या आत्यांच्या सासराशी काडीचाही संबंध नव्हता.

दुरुस्ती चार ओळींची. निरोप देताना चौकटीवर त्या नावाचा क्रमांक टाचून ठेवावयाचा. चित्र परत आले की आधी क्रमांक ताडून पाहावयाचा. जुळला तर लावावे, न जुळला तर टाकून द्यावे. आणि ओळ दृष्टीआड होताच तिचा जुना निरोप शक्य असेल तर रद्द करावा. हे पहिल्याच दिवशी सुचावयास हवे होते. आज असले काम कोणी हाताने करीत नाही. असिंकटास्कही २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये कालबाह्य म्हणून घोषित झाले. आमच्या भावाचा नातू म्हणतो, “आजोबा, एका ओळीत होतं आता हे, लायब्ररी सगळं बघते.” बघत असेल. त्या लायब्ररीच्या आतही कोणीतरी तो क्रमांक ताडून पाहण्याची ओळ लिहिलेलीच आहे, एवढे आम्ही त्यास उघडून दाखविले.

चार ओळी लिहून झाल्या, पण आत्यांकडे जाण्यास आम्हांस आठ दिवस लागले. घरातून सल्ला असा होता, की काही बोलू नये. म्हातारीस आनंद झाला तर झाला, तो फोटो तेथेच कायमचा चिकटवून टाका. मोह झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ती नोंद आमच्याच हातात होती, आणि त्या गृहस्थांच्या घरच्या कोणी ती ओळ कधी पाहिली असती असेही नाही. पण सूची मंडळाची होती, आणि काकांच्या पुतण्यांची मुलेही ती उघडीत.

रविवारी गेलो आणि जे झाले ते सांगितले. पाट, खिचडी, सगळे. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“नाक मला जरा वेगळं वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण बासष्ट वर्षं झाली. म्हटलं, मलाच आठवत नसेल.”

आम्हांस काही बोलवेना. त्यांनीच मग विचारले, तो मुलगा कोणाचा? आम्ही नाव सांगितले. “अरे, ते मांडवीकडचे! त्यांची आई आमच्याकडे हळदीकुंकवाला यायची,” म्हणून त्या त्या घराच्या हकिकतीत शिरल्या, आणि चहा येईपर्यंत तेथेच होत्या.

निघताना त्यांनी दुरुस्त झालेली सूची पाहावयास मागितली. या वेळी आम्ही यादी सावकाश फिरविली. काकांच्या नावापुढे, ज्यांचे चित्र नाही त्या सर्वांपुढे असे तशी, करड्या रंगाची एक आकृती होती: गोल डोके, दोन खांदे. आत्यांनी तिच्यावर बोट ठेवले.

“आणि हा कोण?”

“कोणी नाही, आत्या. फोटो नसला की हे येतं.”

“मग हेही दुसरंच कोणीतरी,” त्या म्हणाल्या. “काढ बघू.”

त्याच रात्री आम्ही ती आकृती काढून टाकली. ज्यांचे छायाचित्र मिळाले नाही, त्यांच्या चौकटीत आमच्या सूचीत आजही फक्त नावाचे पहिले अक्षर येते.